रुमालाखालून पडद्यावर

परभणीच्या मोंढ्यात आमचं बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे. दुकानात शिरताना समोरच्या भिंतीवर त्रेचाळीस इंची टीव्ही दिसतो आणि त्याच्या बरोबर खाली, शाळेत असायचा तसा, खडूनं लिहायचा काळा फळा. नवा माणूस हमखास विचारतो, ‘एवढा मोठा टीव्ही लावलाय, मग फळा कामून ठेवलाय?’ कंपन्यांचे तरुण प्रतिनिधी तर फळ्याकडे बघून गालातल्या गालात हसतात. त्या फळ्याची हकीगत सांगायची तर मला आजोबांच्या काळापर्यंत मागं जावं लागेल. आज तेच करणार आहे.

आजोबा आडत्ये होते. निजामाचं राज्य होतं. त्यांच्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा यायची, ती म्हणजे रुमाल. शेतकरी कापसाची किंवा ज्वारीची गाडी मोंढ्यात सोडायचा. खरेदीदार यायचा, माल मुठीत घेऊन बघायचा आणि मग आडत्याच्या हातावर रुमाल किंवा उपरण्याचं टोक पडायचं. त्या कापडाखाली खरेदीदाराची बोटं आडत्याच्या बोटांशी बोलायची. एक बोट दाबलं की अमुक, चार बोटं दाबली की तमुक. दोघांचे चेहरे मात्र कोरे. ह्या पद्धतीला ‘हत्ता’ म्हणत. ज्याचा माल विकला जातोय तो माणूस दोन हातांवर गाडीच्या जुवाला टेकून उभा असायचा आणि त्याच्या सहा महिन्यांच्या कष्टाचा भाव त्याच्या डोळ्यांदेखत, पण त्याला न दिसता ठरायचा. नंतर आडत्या त्याला जो आकडा सांगेल तो भाव. कापडाखाली किती बोटं दाबली गेली, हे विचारण्याची सोय नव्हती. आजोबा हे सांगताना थोडे ओशाळायचे. कारण त्या कापडाखालच्या हातांमध्ये त्यांचाही हात होता.

बाजाराचा भाव उघड असला पाहिजे, हा विचार आपल्याकडे फार दुरून आलेला नाही. इथून उत्तरेला हिंगोली ओलांडली की वाशीम जिल्हा लागतो. तिथलं कारंजा हे जुन्या वऱ्हाडातलं कापसाचं गाव. निजामाचा तो मुलूख इंग्रज रेसिडेंटच्या ताब्यात होता आणि त्याच्या हुकमानं १८८६ साली कारंजाला देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदाच आला. १९२८ साली शेतीविषयक रॉयल कमिशननं देशभर असे बाजार असावेत अशी शिफारस केली, आणि १९३० साली हैदराबाद संस्थानाचा बाजार कायदा झाला. म्हणजे आमच्या मराठवाड्यात कायदा यायला कारंजानंतर चव्वेचाळीस वर्षं लागली. कायदा आला म्हणून दुसऱ्या दिवशी रुमाल खिशात गेला असं मात्र झालं नाही. सवयी कायद्यापेक्षा चिवट असतात. महाराष्ट्र झाल्यावर १९६३ सालचा कृषी उत्पन्न बाजार कायदा आला, बाजार समित्या उभ्या राहिल्या, उघड लिलाव सक्तीचा झाला, तेव्हा कुठं बोटांचा व्यवहार हळूहळू तोंडानं होऊ लागला. आणि तोंडानं झालेला भाव पाटीवर लिहिला जाऊ लागला.

मला ह्या सगळ्यात त्या पाटीचं अप्रूप वाटतं. खडूनं लिहिलेला आकडा ही केवढी साधी गोष्ट. पण तो सगळ्यांना एकाच वेळी दिसतो. ज्याला वाचता येत नाही तो शेजारच्याला विचारू शकतो. आणि मुख्य म्हणजे त्याच्याकडे बोट दाखवून भांडता येतं.

आमच्या दुकानाची पहिली पाटी मी पाहिलेली नाही, पण तिचं वर्णन ऐकलंय. लाकडाची फळी, वर उर्दूतून नाव, खाली बाळबोध अक्षरांत मराठी. राज्यकारभार उर्दूतून चालायचा, गिऱ्हाईक मराठी बोलायचं, म्हणून दोन्ही. गंमत म्हणजे दुकानातल्या वह्या ह्या दोन्हींत नव्हत्या. त्या मोडीत होत्या. लोकांनी वाचायचं ते बाळबोधीत, आपण वाचायचं ते मोडीत. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं आणि पुढं केव्हातरी ती फळी उतरली. वडिलांनी पत्र्याची पाटी करून घेतली. पिवळ्या रंगावर तांबडी अक्षरं आणि अक्षरांना काळी सावली.

त्या काळच्या पेंटर लोकांबद्दल कुणीतरी सविस्तर लिहायला हवं. खडूच्या दोऱ्यानं रेघ मारायची, डाव्या हातात काठी, तिच्यावर उजवा हात टेकवून ‘क’ची गोलाई एका दमात ओढायची. गावोगावच्या भिंतींवर बियाण्यांच्या, पंपांच्या, विडीच्या जाहिराती ह्याच लोकांनी रंगवल्या. १९७२ साली परभणीला कृषी विद्यापीठ आलं. संकरित ज्वारी आणि संकरित कापूस गावात पोचू लागला, तेव्हा वडिलांनी आडत सोडून बियाण्यांचं दुकान धरलं आणि पेंटरला वरचेवर बोलावणं जाऊ लागलं. पुढं विद्यापीठाच्या नांदेड केंद्राचा ‘एनएचएच ४४’ हा कापूस आला, ‘परभणी क्रांती’ भेंडी आली. वाण बदलला की दुकानाबाहेरच्या भिंतीवरचा मजकूर बदलायचा. पेंटर दोन दिवस शिडीवर असायचा आणि खाली उभं राहून लोक एकेक अक्षर उमटताना वाचायचे. शेवटचं अक्षर येईपर्यंत जाहिरात अर्धी वाचून झालेली असायची! पुढं दोन हजार सालानंतर फ्लेक्स आला, एका रात्रीत छापून मिळू लागला, आणि पेंटर हळूहळू दिसेनासे झाले.

आता टीव्हीकडे येतो. टीव्ही म्हणजे घरात बसून बघायची करमणूक असं आपण धरून चालतो, पण आपल्या देशात तो गावाचा फळा म्हणूनही आला होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या ‘नासा’चा एटीएस ६ हा उपग्रह वर्षासाठी वापरायला मिळाला होता. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत शाळेत नाहीतर पंचायतीत एकेक टीव्ही ठेवला गेला, आणि संध्याकाळी अख्खं गाव त्याच्यापुढं बसून शेतीचं, आरोग्याचं ऐकू लागलं. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. पण आमच्याच जुन्या हैदराबाद संस्थानातले गुलबर्गा, रायचूर हे कर्नाटकात गेलेले जिल्हे होते. तिकडं नातेवाईक असलेले मोंढ्यातले व्यापारी येऊन सांगायचे, ‘तिथं शेतात काय पेरायचं ते पेटीत दिसतंय.’ वडिलांना हे खरं वाटत नसे.

आमच्याकडे टीव्ही खऱ्या अर्थानं आला तो ऐंशीच्या दशकात, छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहिल्यावर. २५ जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ सुरू झालं. त्या काळात रविवारी सकाळी मोंढ्यात चिटपाखरू नसायचं. आमच्या रांगेतल्या एका दुकानदारानं मग शक्कल काढली. घरचा टीव्ही उचलून दुकानात आणला, दर्शनी भागात स्टुलावर ठेवला. बायाबापड्या चपला बाहेर काढून बसायच्या. पाऊण तास तो एक पैशाचा धंदा करत नसे. पण मालिका संपली की उठलेला माणूस त्याच्याच दुकानातून काहीतरी घेऊन जायचा. पुढं हॉटेलवाल्यांनी क्रिकेटसाठी तेच केलं. एका चहावर पन्नास षटकं बघणारी मंडळी मालकाच्या डोक्याला ताप व्हायची, पण टीव्ही काढायची कुणाची छाती झाली नाही. दुकानात टीव्ही ठेवायचा तो माणूस थांबावा म्हणून, हे आमच्या मोंढ्याला असं परस्परच कळलं होतं. जाहिरात दाखवायला मात्र तेव्हा थेटर होतं. मध्यंतरात काचेच्या स्लाइडवर ‘कापड खरेदीसाठी एकमेव’ असं दोन सेकंद झळकायचं. नंतर केबल आली आणि सिनेमाच्या खालून दुकानाच्या नावाची पट्टी सरकू लागली.

सरकणाऱ्या अक्षरांचीही कथा जुनी आहे. न्यूयॉर्कच्या टाइम्स इमारतीभोवती ६ नोव्हेंबर १९२८ ला १४,८०० दिव्यांची पट्टी फिरू लागली आणि निवडणुकीची बातमी लोकांनी रस्त्यात मान वर करून वाचली. आमच्याकडे ती लाल दिव्यांची पळती पाटी आली बँकेत आणि रेल्वे स्टेशनवर. तिचा एक दोष तेव्हाच ध्यानात आला होता. आपल्याला हवी ती गाडी नेमकी नुकतीच पळून गेलेली असते, आणि पुन्हा ते अक्षर येईपर्यंत तिथंच खिळून राहावं लागतं. वाचणारा आपल्या वेगानं वाचत नाही, पाटीच्या वेगानं वाचतो. मुंबईच्या शेअर बाजारात १९९५ साली बोल्ट ही संगणक प्रणाली आली आणि ओरडून सौदे करणाऱ्यांची जागा पडद्यानं घेतली. तिथं प्रत्येकासमोर आपला पडदा असतो. आमच्या दुकानात एका पडद्यासमोर चाळीस माणसं असतात. हा फरक मला फार उशिरा कळला.

मध्येच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण तिच्याशिवाय पुढचं समजणार नाही. बियाणं आणि खत विकणाऱ्याला भावाची पाटी लावणं ही हौस नाही, कायदा आहे. जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली १९८३ साली बियाणे नियंत्रण आदेश निघाला आणि १९८५ साली खत नियंत्रण आदेश. दोन्हींत स्पष्ट म्हटलंय की विक्रेत्यानं आपल्याकडे रोज किती साठा आहे आणि काय भाव आहे, हे दुकानात दिसेल असं लावायचं. म्हणून प्रत्येक कृषी सेवा केंद्रात ‘साठा व भाव फलक’ असतो. कृषी खात्याचा निरीक्षक आला की त्याची नजर आधी तिकडं जाते. आता हा फलक सगळं सांगतो असं नाही. युरियाच्या गोणीबरोबर नको असलेलं दुसरंच काही गळ्यात मारायचं, ज्याला आमच्या धंद्यात ‘लिंकिंग’ म्हणतात, ते कुठल्या फलकावर आजवर लिहिलेलं मी पाहिलं नाही. तरी पाटी आहे म्हणून निदान आकड्यावर बोलता येतं. बीटी कापसाच्या पाकिटाचंच बघा. केंद्र सरकारनं २०१६ साली ४५० ग्रॅमच्या पाकिटाचा कमाल भाव ८०० रुपये बांधला, २०१८ साली तो ७४० झाला, पुढच्या वर्षी ७३०. पेरणीच्या तोंडावर ज्या वाणाला मागणी असते त्याचे चढे पैसे मागणारे असतात. तिथं पाटीवरचा आकडा शेतकऱ्याच्या बाजूनं उभा राहतो.

हा फलक काळ्या फळ्यावर लिहायचा की कागदावर की टीव्हीवर, हे आदेशात नाही. दिसला पाहिजे, एवढंच आहे. २०१९ च्या दिवाळीत मी टीव्ही घेतला. पुण्याला शिकणारा पुतण्या म्हणाला, ‘काका, आता सगळीकडं असंच असतं. पेनड्राइव्हमध्ये चित्रं टाकायची, टीव्ही आपोआप फिरवत राहतो.’ पूर्वी हे शक्यच नव्हतं. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत दिवसाचे कित्येक तास वीज नसायची. तेव्हा दुकानात पंखा फिरला तरी दिवाळी वाटायची. आता वीज बरी होती, टीव्ही स्वस्त झाले होते. फळा माळ्यावर गेला.

पहिल्या महिन्यातच ह्या यंत्राचे नखरे कळले. श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर लावायला गेलो तर ‘ज्वारी’च्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं. मग समजलं की अक्षरं अक्षरं म्हणून पाठवायची नाहीत, त्यांचं चित्र करून पाठवायचं. चार तास रिमोटला हात लागला नाही की हा टीव्ही आपोआप बंद व्हायचा, वीज वाचवण्यासाठी म्हणे. ती सोय शोधून बंद करावी लागली. सकाळच्या उन्हात पडदा आरशासारखा व्हायचा आणि गिऱ्हाइकाला भावाऐवजी आपलाच चेहरा दिसायचा. घरगुती टीव्हीचा उजेड साधारण अडीचशे-तीनशे निट म्हणजे उजेडाच्या मापानं बेताचाच असतो; रस्त्याकडे तोंड करून लावायच्या खास पडद्यांचा अडीच हजारांपर्यंत जातो, आणि किंमतही तशीच. शिवाय घरगुती टीव्ही चाळीस अंशांपर्यंतच्या हवेत चालवायचा असतो, हे पुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिलेलं. मे महिन्यात परभणीचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो आणि आमच्या दुकानाला वर पत्रा! दीड वर्षानं पडद्यावर उभी हिरवी रेघ आली. गॅरंटीत आहे म्हणून कळवलं तर उत्तर आलं, टीव्ही घरासाठी विकला होता, दुकानासाठी नाही. कागदावर त्यांचं बरोबर होतं. धंद्यासाठीचे पडदे वेगळे मिळतात, दिवसाचे सोळा किंवा चोवीस तास चालायला बनवलेले. पण हे विकणारानं विकताना सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. ती हिरवी रेघ अजून आहे. लोकांना ती आता रचनेचाच भाग वाटते.

हे सगळं मी हसत सांगतोय. पुढचं हसण्यासारखं नाही.

२०२१ चा मे महिना. करोनाची दुसरी लाट. दुकान ठराविक तासच उघडं, बाहेर चुन्यानं आखलेली वर्तुळं, एकानं आत यायचं आणि बाकीच्यांनी वर्तुळात उभं राहायचं. त्यातच खताचा भाव भडकला होता. परदेशात कच्चा माल महागला म्हणून डीएपीची ५० किलोची गोणी १२०० वरून १९०० रुपयांवर गेली. गोणीमागं सातशे रुपये! पेरणी तोंडावर आलेली आणि घराघरात दवाखान्याचा खर्च. सगळीकडून ओरड झाली. १९ मे ला केंद्र सरकारनं अनुदान गोणीमागं ५०० वरून १२०० रुपये केलं आणि गोणी पुन्हा १२०० ला द्यायची असं ठरलं.

मी पुतण्याला फोन केला. त्यानं तासाभरात नवं चित्र करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. मोठ्या अक्षरांत, ‘डीएपी – १२००’. मी ते पेनड्राइव्हवर टाकलं, टीव्हीला लावलं, नवं चित्र एकदा आलेलं पाहिलं आणि गल्ल्यावर येऊन बसलो. जुनं चित्र काढायचं राहिलं.

पेनड्राइव्हवर दहाएक चित्रं होती. प्रत्येक पंधरा सेकंद. म्हणजे एकदा १९०० यायचं आणि मिनिटभरानं १२००. आत येणाऱ्याला मी तोंडानं बाराशे सांगत होतो, पावती बाराशेची करत होतो. बाहेर वर्तुळात उभ्या असलेल्यांना टीव्ही काय सांगतोय, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. माझी पाठ टीव्हीकडे होती.

दुसऱ्या दिवशी जिंतूर रस्त्यावरच्या एका खेड्यातले म्हातारे शेतकरी आले. वडिलांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. तीन गोण्या मागितल्या आणि धोतराच्या कनवटीतून मोजून सत्तावन्नशे रुपये टेबलावर ठेवले. मी म्हटलं, ‘बाबा, छत्तीसशे झाले. बाराशेनं आहे गोणी.’ ते नुसते बघत राहिले.

‘काल तर एकोणीसशे होती की.’

‘काल पण बाराशेच होती.’

‘म्या डोळ्यांनी बघितलं. तिथं उभा होतो. तुमच्या टीव्हीवर.’

मग सगळं बाहेर आलं. आदल्या दिवशी ते छत्तीसशे घेऊनच आले होते, कारण बाराशे झाल्याचं त्यांनी रेडिओवर ऐकलं होतं. वर्तुळात उभं असताना पडद्यावर १९०० दिसलं. रेडिओ खोटा, दुकान खरं, असं त्यांनी धरलं आणि आत न येताच परत फिरले. गावात एकाकडून एकवीसशे रुपये उचलले. शेकडा तीन रुपये महिना, आणि पहिल्या महिन्याचे त्रेसष्ट आधीच कापून घेतलेले. मी त्यांच्यापुढं त्रेसष्ट रुपये ठेवले. त्यांनी ते हातानं माझ्याकडं सरकवले.

‘पैशाचं नाय शेठ,’ ते म्हणाले. ‘हात पसरावा लागला त्याचं हाय.’

तीन गोण्या मोटारसायकलवाल्या नातवाच्या हवाली करून ते निघून गेले. माझी चूक मोठी होती का? एक चित्र पुसायचं राहिलं, एवढीच. फळा असता तर हे झालंच नसतं, कारण फळ्यावर नवा आकडा लिहायचा तर जुना आधी पुसावाच लागतो. दोन भाव एका जागी मावत नाहीत. टीव्हीवर मावतात. आणि बघणारा त्यातला कोणता पाहून निघून जाईल, हे दुकानदाराच्या हातात राहत नाही. मला त्या रात्री आजोबांचा रुमाल आठवला. मी काही लपवलं नव्हतं, उलट त्रेचाळीस इंच मोठं करून दाखवलं होतं. पण भाव त्या म्हाताऱ्या माणसाला दिसूनही कळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून फळा खाली काढला, पुसला, काळा रंग दिला आणि टीव्हीखाली टांगला. वर तारीख, खाली साठा आणि भाव. टीव्हीवरून भाव कायमचे काढून टाकले.

टीव्ही काढला नाही. काढायचं कारणही नव्हतं, कारण काही कामं खडूला जमतच नाहीत. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला तेव्हा ‘डोमकळी’ म्हणजे काय हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं. पाकळ्या आत गुंडाळलेलं, न उमललेलं ते फूल, आत अळी. शब्दांत सांगितलं की माणूस मान डोलावतो आणि शेतात जाऊन भलतंच फूल तोडतो. आता जुलै-ऑगस्टमध्ये पडद्यावर डोमकळीचं मोठं चित्र असतं, शेजारी कामगंध सापळा कसा लावायचा तो. बघणारा म्हणतो, ‘आरं, ही तर आपल्या धुऱ्याकडच्या ओळीत हाय.’ २०२० साली सोयाबीनचं बियाणं उगवलंच नाही म्हणून मराठवाड्यात हाहाकार झाला. तेव्हापासून मे महिन्यात ओल्या पोत्यात शंभर दाणे गुंडाळून उगवण कशी तपासायची, सत्तरच्या वर उगवले तर पेरायचं, ही छोटी फिल्म आम्ही दिवसभर फिरवतो. ती पुतण्यानं आमच्याच मागच्या खोलीत काढलेली आहे, पोतंही आमचंच. कंपन्यांच्या तयार फिल्मा येतात, त्या बहुतेक हिंदीत, क्वचित इंग्रजीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुकानांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा बाजारात पाट्या बदलायची धांदल उडाली होती. नावाची पाटी मराठी झाली. आतल्या टीव्हीवर औषध किती मिली घ्यायचं हे हिंदीत सांगितलं तर मात्र कुणी हटकत नाही. मला विचाराल तर आधी तिथं मराठी हवी होती.

आता मोंढ्यात बऱ्याच दुकानांत टीव्ही आहेत. सोन्या-चांदीवाले, मोबाइलवाले, मिठाईवालेसुद्धा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळं आणखी येतील. कुणी विचारायला आलं तर मी पत्रा, ऊन, गॅरंटी आणि चार तासांनी झोपणारा टीव्ही, एवढं सगळं सांगतो. भावाचं विचारलं तर फळा दाखवतो.

फळा रोज संध्याकाळी दुकानातला पोरगा ओल्या फडक्यानं पुसतो. सकाळी मी स्वतः लिहितो, आधी तारीख. ते जिंतूर रस्त्यावरचे बाबा अजून येतात, आता काठी घेऊन. दारात उभे राहून डोळ्यांवर हात धरतात, टीव्हीवरचं डोमकळीचं फूल सोडून खाली बघतात आणि नातवाला विचारतात, ‘तारीख आजची हाय का रं?’ नातू ‘हाय’ म्हणाला की मग आत येतात.